स्वतःचा फोटो, स्वतःच्या नावावर

अमेरिकेतल्या शाळांमध्ये दरवर्षी वर्गाचा फोटो निघतो. १९५० आणि ६०च्या दशकांत गोऱ्या-काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळा मोडीत निघू लागल्या, मुलं एका बाकावर आली आणि एका फोटोतही आली. ते फोटो घरी आले तेव्हा कृष्णवर्णीय आयांच्या एक गोष्ट लक्षात आली. गोऱ्या मुलीच्या गालावरची खळी, नाकावरचे ठिपके, कपाळावर आलेली बट, सगळं नीट उमटलेलं असायचं. आपली मुलगी मात्र तिच्याच शेजारी उभी असून ओळखू येत नाही. चेहऱ्याच्या जागी गडद डाग, आणि त्यात डोळे आणि दात तेवढे दिसतात. आयांनी तक्रारी केल्या. फार काही झालं नाही.

दोष एकट्या फोटोग्राफरचा नव्हता. तो फिल्मच्या रसायनात होता, आणि त्याहून अधिक ती फिल्म तपासण्याच्या पद्धतीत. कोडॅक कंपनी प्रिंट काढणाऱ्या लॅबना नमुन्याचं एक कार्ड पाठवायची. त्यावर नटूनथटून बसलेली एक गोरी तरुणी असायची. सुरुवातीच्या एका मॉडेलचं नाव शर्ली होतं, म्हणून सगळ्याच कार्डांना शर्ली कार्ड म्हणू लागले. लॅबमधला माणूस शर्लीची कांती मनासारखी दिसेपर्यंत रंग कमीजास्त करायचा. शर्ली जमली की यंत्र जमलं, मग त्यावर कुणाचेही फोटो निघोत. मॉन्ट्रियलच्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातल्या लॉर्ना रॉथ यांनी या कार्डांचा इतिहास खणून काढला आणि २००९ साली प्रसिद्ध केला. त्यातला सर्वांत झोंबणारा भाग असा की, फिल्म सुधारायला कोडॅकला भाग पाडलं ते चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्या कंपन्यांनी. जाहिरातीत दुधाचं चॉकलेट आणि कडू चॉकलेट सारखंच दिसत होतं, लाकडाच्या रेषा दिसत नव्हत्या. ही तक्रार गिऱ्हाइकाची होती, म्हणून ती ऐकली गेली. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र दाखवणारं शर्ली कार्ड यायला १९९०चं दशक उजाडलं.

आपल्याकडच्या स्टुडिओतही हीच फिल्म यायची. स्थळांना दाखवायच्या फोटोआधी सावळ्या मुलीपुढे पावडरचा डबा सरकवणारे फोटोवाले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना त्या शाळकरी मुलीला काय वाटलं असेल ते वेगळं सांगायला नको.

फिल्म गेली, डिजिटल आलं आणि जुनी खोड नव्या यंत्रातही उतरली. एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये शिकणाऱ्या जॉय बुओलाम्विनी या तरुणीचा चेहरा संगणकाला चेहरा म्हणून ओळखताच येईना. तिने पांढरा मुखवटा चढवला, आणि तो मात्र यंत्राने लगेच ओळखला. टिमनिट गेब्रू यांच्यासोबत तिने २०१८ साली केलेल्या अभ्यासात, चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणाऱ्या, बाजारात विकल्या जाणाऱ्या प्रणाली तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांबाबत चुकीचं प्रमाण जास्तीत जास्त ०.८ टक्के निघालं, गडद वर्णाच्या स्त्रियांबाबत ते ३४.७ टक्क्यांपर्यंत गेलं.

किशोरवयीन कृष्णवर्णीय मुलींच्या हातात कॅमेरा देऊन त्यांची गोष्ट त्यांनाच सांगू देणारे उपक्रम समजून घ्यायचे तर हा मागचा पट माहीत हवा. कॅमेरा हे या मुलींसाठी कोरं यंत्र नाही. तो त्यांच्या बाजूने बनलेला नव्हता, आणि त्यांच्यावर रोखला गेला तेव्हा बहुतेकदा त्यांना न विचारता. म्हणून या उपक्रमांबद्दल वाचताना, त्यातले फोटो पाहताना, मला सतत एकच विचारावंसं वाटतं: हा फोटो कुणाचा आहे? काढला कुणी, ठेवलाय कुणाकडे, खाली नाव कुणी लिहिलं, आणि ‘हा दाखवायचा नाही’ असं म्हणायची मुभा कुणाला होती?

०००

या प्रश्नाचं सर्वांत कठोर रूप १८५०मधल्या काही तांब्याच्या पत्र्यांवर आहे. लुई अगासी हा हार्वर्डमधला नामवंत निसर्गशास्त्रज्ञ. माणसांचे वंश मुळातच वेगवेगळे निर्माण झाले, हे त्याला सिद्ध करायचं होतं. त्याच्यासाठी साउथ कॅरोलायनातल्या कोलंबिया गावात जोसेफ झीली नावाच्या फोटोग्राफरच्या स्टुडिओत मळ्यांवरच्या गुलामांना आणून उभं केलं गेलं. त्यात रेंटी आणि जॅक हे दोन बाप होते आणि डेलिया आणि ड्राना या त्यांच्या दोन मुली. डगेरोटाइप म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावरचा फोटो. तो नीट यायला माणसाला काही सेकंद अजिबात हलून चालत नसे. दोन्ही मुलींची वस्त्रं कमरेपर्यंत खाली ओढलेली आहेत आणि त्या समोर पाहताहेत. पत्र्यासोबतच्या चिठ्ठीवर नाव आहे, बापाचं नाव आहे, आणि मळ्याच्या मालकाचंही नाव आहे. जिचा फोटो, तीही मालकीची आणि फोटोही.

हे पत्रे १९७६ साली हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयाच्या माळ्यावर सापडले. पुढे कॅरी मे वीम्स या छायाचित्रकार स्त्रीने त्यांतल्या प्रतिमा मोठ्या केल्या, त्यांना रक्तासारखा लाल रंग दिला आणि वरच्या काचेवर आपले शब्द कोरले. १९९५-९६ची ती मालिका आज जगभर दाखवली जाते. त्यावरून हार्वर्डने आपल्यावर दाव्याची भाषा केली होती आणि नंतर त्याच मालिकेतली कामं विकत घेतली, असं वीम्स यांनी सांगितलेलं आहे. रेंटीची वंशज असल्याचं सांगणाऱ्या तमारा लॅनियर यांनी २०१९ साली विद्यापीठाविरुद्ध दावा लावला. गुलामाचा जबरदस्तीने काढलेला फोटो काढवून घेणाऱ्याचा की त्याच्या लेकरांचा, असा तो सरळ प्रश्न होता. २०२५ साली तडजोड झाली आणि हे पत्रे साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनच्या आफ्रिकन-अमेरिकन संग्रहालयाकडे सोपवायचं ठरलं. पावणेदोनशे वर्षांनी डेलिया आणि ड्राना यांची सुटका ठरली ती अशी, कोर्टकज्जा करून.

त्याच काळात उलट दिशेने चाललेली एक बाई होती. सोजर्नर ट्रुथ न्यूयॉर्क राज्यात गुलामीत जन्मली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. गुलामीविरुद्ध ती भाषणं करत हिंडायची, आणि पोट आणि प्रवास चालवायला स्वतःचे छोटे कार्डफोटो विकायची. त्या फोटोत डोक्याला पांढरी टोपी, अंगावर शाल, डोळ्यांवर चष्मा आणि हातात विणकाम घेऊन ती एखाद्या सुस्थित घरातल्या आजीसारखी बसलेली आहे. आपण कसं दिसायचं हे तिने ठरवलं होतं. १८६४ साली तिने त्या फोटोचा कॉपीराइट स्वतःच्या नावावर नोंदवून घेतला. एरवी तो स्टुडिओवाल्याच्या नावे असायचा. जी एकेकाळी स्वतःच दुसऱ्याच्या नावावर होती, तिने आपली प्रतिमा आपल्या नावावर केली. कॅमेऱ्याने मुलींना काय मिळतं असं कुणी विचारलं तर मी हे उदाहरण आधी देईन.

आपल्याकडे हा विचार परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ज्यांनी निग्रो गुलामांना मुक्त केलं. आणि त्याच्याही आधी, सोजर्नर ट्रुथ आपले फोटो नोंदवत होती त्याच्या नऊ वर्षं अगोदर, १८५५ साली, पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आपल्या लोकांबद्दल इतरांनी बरंच लिहिलेलं असताना एका किशोरवयीन मुलीने स्वतः लिहिणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे मराठी वाचकाला मुक्तेमुळे ठाऊक आहे.

०००

पेनसिल्व्हेनियात पिट्सबर्गजवळ ब्रॅडॉक नावाचं गाव आहे. अँड्र्यू कार्नेगीचा पोलादाचा कारखाना १८७५ साली तिथे सुरू झाला आणि तो आजही धुरतो आहे. भरभराटीच्या दिवसांत गावाची वस्ती वीस हजारांच्या घरात होती, आता ती दोन हजारांच्याही खाली आली आहे. पोलादाचा धंदा बसला तेव्हा ज्यांना दुसरीकडे घर मिळू शकत होतं ते निघून गेले. ज्यांना रंगामुळे घरं नाकारली जात होती ते मागे राहिले. १९८२ साली तिथे लाटोया रूबी फ्रेझर जन्मली.

सोळाव्या वर्षी तिने आपल्या घरच्यांचे आणि गावाचे फोटो काढायला सुरुवात केली. आजी रूबी, आई आणि ती स्वतः. पुढे चौदा-पंधरा वर्षं हेच चाललं, आणि २०१४ साली त्यातून ‘द नोशन ऑफ फॅमिली’ हे पुस्तक झालं. सगळे फोटो कृष्णधवल आहेत. एका फोटोत आजी आणि नात जमिनीवर गालिच्यावर बसल्या आहेत. मागे आजीने जमवलेल्या बाहुल्या दिसतात. दोघी कॅमेऱ्याकडे पाहताहेत, हसण्याचा प्रयत्न कुणीच करत नाही. आणखी एका, २००८च्या फोटोत आईचा चेहरा एका बाजूने दिसतो आणि त्यामागून लाटोयाचा अर्धा चेहरा सरळ आपल्याकडे बघतो. आईचं नाक जिथे संपतं तिथे लेकीचा डोळा सुरू होतो. दोघींपैकी कोण कुणाचा फोटो काढतंय हे ठरवता येत नाही, आणि खरोखरच काही फोटो आईने काढलेले आहेत, काहींची मांडणी तिने सुचवलेली आहे. आई ‘विषय’ राहिली नाही, ती भागीदार झाली. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. गरिबांचे फोटो काढणाऱ्या थोरामोठ्यांच्या कामात तो क्वचित सापडतो.

या घरात आजार होता. आईला कर्करोग झाला, आजीही त्यातच गेली, स्वतः लाटोयाला ल्युपस. कारखान्याच्या हवेत मोठं झालेलं हे कुटुंब गावातल्या ज्या रुग्णालयावर विसंबून होतं, ते रुग्णालय २०१० साली बंद झालं. ते पाडताना राहिलेले ढिगारे तिने टिपले. ब्रॅडॉकच्या इतिहासावरच्या पुस्तकांमध्ये कारखान्यात राबलेल्या काळ्या कामगारांचा उल्लेखच नाही, हे तिला खुपत होतं. रुग्णालय बंद झालं त्याच वर्षी लीव्हाइस या जीन्सच्या कंपनीने ब्रॅडॉकला जाहिरातीची पार्श्वभूमी केलं, कष्टकऱ्यांचं रांगडं, नव्याने उभं राहणारं गाव म्हणून. फ्रेझर न्यूयॉर्कला गेली. कंपनीने तिथे लोकांसाठी फोटोंची कार्यशाळा थाटली होती. तिच्या समोरच्या फुटपाथवर ती लीव्हाइसचे कपडे घालून आडवी झाली आणि कापड फाटेपर्यंत स्वतःला दगडावर घासत राहिली. आपल्या गावाची गोष्ट दुसऱ्याने परस्पर विकली, तर माणसाला काय होतं ते तिने असं अंगावर काढून दाखवलं.

२०१५ साली तिला मॅकार्थर फेलोशिप मिळाली, २०२४ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन झालं. पण मला तिचं फ्लिंटमधलं काम अधिक जवळचं वाटतं. मिशिगन राज्यातल्या त्या शहराचा पाणीपुरवठा पैसे वाचवण्यासाठी एप्रिल २०१४मध्ये बदलला गेला आणि नळातून शिसं यायला लागलं. बातम्यांमध्ये बाटल्यांच्या रांगा दिसत होत्या. फ्रेझर २०१६ साली तिथे जाऊन एका आईसोबत आणि तिच्या लहान मुलीसोबत राहिली. त्या मालिकेतल्या एका फोटोत न्हाणीघराच्या आरशात आई लेकीचे दात बाटलीतल्या पाण्याने घासून देते आहे. एवढंच. पुढे या कामातून उभ्या राहिलेल्या पैशांतून, आणखी मदत मिळवून, २०१९ साली फ्लिंटमध्ये हवेतून पाणी काढणारं एक यंत्र आणलं गेलं. फोटो पाहणाऱ्यांनी हळहळून पुढे जायचं, एवढ्यावर तिने समाधान मानलं नाही.

फ्रेझरच्या आधी वाट तुडवणाऱ्या बायका होत्या. फिलाडेल्फियात डेबोरा विलिस नावाची लहान मुलगी वाचनालयात रॉय डिकरावा आणि लँग्स्टन ह्यूज यांचं हार्लेमवरचं छोटं चित्रपुस्तक पाहून थबकली, कारण त्यातली माणसं तिच्या घरातल्यांसारखी दिसत होती. मोठेपणी कला महाविद्यालयात एका प्राध्यापकाने तिला सुनावलं की, तू एका चांगल्या पुरुषाची जागा अडवते आहेस, उद्या तुला मूल होईल. विलिस यांनी पुढे कृष्णवर्णीय छायाचित्रकारांचा १८४०पासूनचा इतिहास लिहिला. तो २००० साली प्रसिद्ध झाला, आणि त्याशिवाय आज या विषयावर कुणाला एक पानही लिहिता येणार नाही. कॅरी मे वीम्स यांच्या १९९०च्या ‘किचन टेबल’ मालिकेत एका टेबलावर, एकाच दिव्याखाली, एका बाईचं सगळं आयुष्य घडतं. त्यातल्या एका फोटोत बाई आणि मुलगी आपापल्या छोट्या आरशात बघून ओठांना लिपस्टिक लावताहेत. मुलीचा हात अगदी आईसारखा वळला आहे. किशोरवयाच्या उंबरठ्यावरच्या मुलीकडे इतक्या मायेने पाहणारा फोटो मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

०००

पण प्रत्येक मुलगी लाटोया फ्रेझर होणार नाही, आणि व्हायला हवं असंही नाही. शाळेनंतर तास-दोन तास एखाद्या सभागृहात जमणाऱ्या मुलींच्या हाती कॅमेरा देताना नेमकं काय करतात?

त्यामागची एक पद्धत आश्चर्यकारकरीत्या चीनमधून आली. १९९०च्या दशकात कॅरोलाइन वांग आणि मेरी अ‍ॅन बरिस यांनी युन्नान प्रांतातल्या शेतकरी बायकांना साधे कॅमेरे दिले आणि आपल्या रोजच्या जगण्याचे फोटो काढायला सांगितलं. शेतात राबणाऱ्या आईच्या पाठीवरची किंवा बांधावर सोडलेली मुलं त्या फोटोंत आली. ते अधिकाऱ्यांपुढे मांडल्यावर पाळणाघरं, सुइणींचं प्रशिक्षण, मुलींसाठी शिष्यवृत्त्या अशा गोष्टींना चालना मिळाली. या पद्धतीला फोटोव्हॉइस हे नाव मिळालं. आज अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मुलींसोबतच्या कितीतरी उपक्रमांचा पाया हाच आहे.

कॅमेरा पहिल्या दिवशी मिळत नाही. आधी बोलणं होतं: अनोळखी माणसाचा फोटो काढायच्या आधी विचारायचं का, त्याने नाही म्हटलं तर काय, घरातलं भांडण टिपलं तर त्याचा त्रास कुणाला होईल, आपला चेहरा भिंतीवर लागणं आपल्याला चालेल का. या नियमांची नीट बांधणी फ्लिंटमध्येच, पाण्याच्या संकटाच्या कितीतरी आधी, एका प्रकल्पातून झाली. मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकांची सही लागते, आणि तिची स्वतःचीही. मग काही दिवस फोटो. मग प्रिंट काढून सगळ्याजणी गोल बसतात आणि प्रत्येकीने आपला एक फोटो निवडायचा. इथे काय दिसतंय, खरं काय चाललंय, याचा आपल्या आयुष्याशी संबंध काय, हे असं का आहे, आणि आपल्याला काय करता येईल, हे प्रश्न त्या एकेका फोटोला विचारले जातात. पहिल्या दोन प्रश्नांमधल्या अंतरात खरा ऐवज असतो. परक्याला बंद दार दिसतं, मुलगी सांगते की हे आमच्या शाळेचं दार आहे आणि वेणीवरून मला इथून परत पाठवलं होतं.

वेणीची गोष्ट क्षुल्लक नाही. कुरळ्या केसांच्या वेण्या, जटा, फुगवलेला अफ्रो यांना शाळांच्या गणवेशाच्या नियमांत ‘अव्यवस्थित’ ठरवलं जायचं. असा भेदभाव करायला बंदी घालणारा पहिला कायदा कॅलिफोर्नियात झाला तो २०१९ साली. अमेरिकी सरकारच्याच २०११-१२च्या आकडेवारीत कृष्णवर्णीय मुलींपैकी १२ टक्के मुलींना शाळेतून तात्पुरतं काढलं गेलं होतं, गोऱ्या मुलींपैकी २ टक्के. जॉर्जटाउन विद्यापीठाच्या कायदा विभागातल्या अभ्यासकांनी २०१७ साली ३२५ प्रौढांना विचारलं तेव्हा दिसलं की, पाच वर्षांच्या कोवळ्या वयापासूनच काळ्या मुली लोकांना त्याच वयाच्या गोऱ्या मुलींपेक्षा कमी निरागस आणि जास्त मोठ्या वाटतात. त्यांना माया, आधार, सांभाळ कमी लागतो, असंही. कुणी त्यांना मूल म्हणून पाहतच नाही.

म्हणून या मुली काय टिपतात ते पाहण्यासारखं असतं. बाहेरून आलेल्याला त्यांच्या वस्तीत फुटक्या काचा आणि पोलिसांच्या गाड्या दिसतात. त्यांच्या फोटोंत मोठी बहीण धाकटीला पायांमध्ये बसवून वेण्या घालते, दोरीवरच्या उड्या चालतात, जिन्यात बसून हसणं चालतं. पोलीसही असतात, पण सगळी चौकट त्यांनी व्यापलेली नसते. निधी देणाऱ्यांना कधी कधी दुःख जास्त हवं असतं. ज्या उपक्रमात मुलीला ‘आज मला फक्त माझ्या मैत्रिणीचे नवे बूट दाखवायचेत’ असं म्हणता येतं, तो उपक्रम मला खरा वाटतो.

शिकागोची ‘अ लाँग वॉक होम’ ही संस्था अशी आहे. तिची सुरुवातच दोन बहिणींमधल्या एका फोटोमालिकेतून झाली. सलामिशा टिलेट यांच्यावर महाविद्यालयात असताना बलात्कार झाला होता. धाकटी बहीण शहराझाद फोटोग्राफी शिकत होती. तिने थोरलीच्या सावरण्याचे फोटो काढायला घेतले, बहिणीच्या संमतीने, बहिणीच्या सोबतीने. त्यातून रंगमंचावरचा एक प्रयोग झाला, आणि २००३ साली संस्था उभी राहिली. २००९पासून तिचा मुलींसाठीचा कार्यक्रम सुरू आहे. शिकागोच्या पश्चिम भागातल्या किशोरवयीन मुली तिथे फोटो, नाच, लेखन शिकतात आणि आपल्यावर होणाऱ्या हिंसेबद्दल स्वतः बोलतात. सलामिशा टिलेट आज रटगर्स विद्यापीठात शिकवतात, २०२२ साली त्यांना समीक्षेचं पुलित्झर मिळालं.

याच भागात एक मोठी बाग आहे. तिच्याजवळ २०१२ साली रेकिया बॉइड या बावीस वर्षांच्या तरुणीला कामावर नसलेल्या एका पोलिसाने गोळी घातली. काळ्या पुरुषांच्या मृत्यूवर मोर्चे निघाले तसे तिच्यासाठी निघाले नाहीत. संस्थेतल्या मुलींनी तिची आठवण धरून ठेवली. पुढे शहराझाद टिलेट आणि त्या मुलींनी मारल्या गेलेल्या आणि हरवलेल्या काळ्या मुलींसाठी एक स्मृतिस्थळ रचलं. त्यात फोटो होतेच, पण मुलींच्या रोजच्या वापरातल्या वस्तूही होत्या. त्या बागेला गुलामी चालू ठेवायला हरकत नसणाऱ्या स्टीफन डग्लस या राजकारण्याचं नाव होतं. शाळकरी मुलांनी काही वर्षं चिकाटीने मोहीम चालवली आणि २०२० साली इंग्रजी नावात एक ‘एस’ वाढला: बाग अ‍ॅना आणि फ्रेडरिक डग्लस या दांपत्याची झाली. फ्रेडरिक डग्लस हा गुलामीतून पळून आलेला वक्ता एकोणिसाव्या शतकात सर्वांत जास्त वेळा फोटो काढला गेलेला अमेरिकी माणूस आहे. त्याचे सुमारे १६० वेगवेगळे फोटो सापडले आहेत. व्यंगचित्रांतल्या काळ्या माणसाला उत्तर म्हणून तो हे फोटो जाणूनबुजून काढून घ्यायचा, आणि फोटोग्राफीवर व्याख्यानंही द्यायचा.

२०२२ साली शहराझाद टिलेट आणि झोरायदा लोपेझ-दिआगो यांनी न्यूअर्कमध्ये ‘पिक्चरिंग ब्लॅक गर्लहूड’ हे प्रदर्शन भरवलं. ८०हून अधिक जणींचं काम त्यात होतं. नामवंतांच्या शेजारी शाळकरी मुलींचे फोटो लागले होते, वेगळ्या ‘विद्यार्थी विभागात’ नव्हे, त्याच भिंतीवर.

०००

आता जो फोटो, खरं तर व्हिडिओ, कुणीच शिकवलेला नव्हता त्याबद्दल. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये सतरा वर्षांची डार्नेला फ्रेझर आपल्या नात्यातल्या नऊ वर्षांच्या बहिणीला घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात खाऊ आणायला निघाली होती. तिने बहिणीला दुकानात पाठवलं आणि स्वतः फुटपाथवर फोन धरून उभी राहिली. समोर जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या मानेवर पोलिसाचा गुडघा होता. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात अटकेदरम्यान एका माणसाची प्रकृती बिघडून तो मरण पावला, असा आशय होता. डार्नेलाच्या व्हिडिओने ते निवेदन निकालात काढलं. २०२१च्या एप्रिलमध्ये पोलिसाला दोषी ठरवलं गेलं, जूनमध्ये पुलित्झर मंडळाने तिला विशेष सन्मान दिला.

त्या सन्मानाच्या बातम्या सगळीकडे आल्या. वर्ष झाल्यावर तिने स्वतः जे लिहिलं ते तेवढं पोचलं नाही. झोप उडाली होती, घरी राहणं धोक्याचं म्हणून कुटुंबाला हॉटेलांमधून फिरावं लागलं होतं, आणि बालपणाचा एक तुकडा कायमचा गेला होता. मुलींच्या हाती कॅमेरा द्या असं आपण सहज म्हणतो. जे पाहिलं ते पाहिल्याचं ओझंही त्याच हातांवर येतं. चांगल्या उपक्रमांत फोटोग्राफीच्या शिक्षिकेसोबत समुपदेशक असते ती याचसाठी, आणि तिच्या पगाराला कात्री लावणाऱ्या देणगीदाराने आधी डार्नेलाचं ते टिपण वाचावं.

दुसरा धोका आपण भारतीयांनी जवळून पाहिला आहे. कोलकात्याच्या सोनागाची या वेश्यावस्तीतल्या मुलांना कॅमेरे देणाऱ्या परदेशी छायाचित्रकर्तीवरच्या ‘बॉर्न इन्टू ब्रॉथेल्स’ या माहितीपटाला २००५ साली ऑस्कर मिळालं. मुलांचे फोटो सुंदर होते. पण पडद्यावरची तारणहार तीच दिसली, आणि आपल्या मुलांसाठी वर्षानुवर्षं झगडणाऱ्या तिथल्या आया जवळपास गायब झाल्या. सोनागाचीतल्या बायकांच्या संघटनेने त्यावर नाराजी व्यक्त केली, ती मला रास्त वाटते. ज्या उपक्रमाच्या माहितीपत्रकावर कॅमेरा देणाऱ्याचं नाव मोठं आणि फोटो काढणाऱ्या मुलीचं नुसतं वय असतं, तिथे गडबड आहे. निगेटिव्ह कुणाकडे, विक्री झाली तर पैसे कुणाला, वीस वर्षांनी त्या बाईला आपला चौदाव्या वर्षीचा फोटो भिंतीवरून उतरवायचा असेल तर कुणाला सांगायचं, हे कागदावर लिहिलेलं असायला हवं.

फोटो कुणाचा, या प्रश्नाला दक्षिण आफ्रिकेत आणखी एक धार आहे. वर्णभेदी सरकारच्या पासबुकांसाठीचे फोटो पोलरॉइडच्या यंत्रांवर निघायचे. १९७० साली पोलरॉइडमधल्याच कॅरोलाइन हंटर आणि केन विल्यम्स या कृष्णवर्णीय कर्मचाऱ्यांनी कंपनीविरुद्ध मोहीम उघडली आणि १९७७ साली कंपनीला त्या देशातून बाहेर पडावं लागलं. फोटो म्हणजे तिथे कोणत्या रस्त्यावरून चालता येईल हे ठरवणारा कागद होता. जोहान्सबर्गजवळच्या थोकोझा वस्तीची जगाला ओळख झाली तीही दंगलींच्या फोटोंमधून. १९९४च्या निवडणुकीला नऊ दिवस राहिले असताना केन ओस्टरब्रुक हा वृत्तछायाचित्रकार तिथेच गोळी लागून मेला.

त्याच थोकोझातल्या एका माध्यमिक शाळेत २०१२पासून ‘ऑफ सोल अँड जॉय’ नावाचा फोटोग्राफीचा वर्ग चालतो. त्शेपिसो मझिबुको ही थोकोझाचीच मुलगी, त्या वर्गात शिकली. तिने आपल्या शेजारपाजारच्या, १९९४च्या आसपास आणि नंतर जन्मलेल्या, ज्यांना तिथे ‘स्वतंत्र जन्मलेले’ म्हणतात, त्या तरुणांचे फोटो काढले: काम नसलेले, वाट पाहणारे, एकमेकांना धरून असलेले. २०२४ साली फ्रान्समधल्या आर्लच्या महोत्सवात नव्या छायाचित्रकारांच्या विभागात प्रेक्षकांनी तिच्या कामाला आपला पुरस्कार दिला. ती तिथे आपल्या नावाने गेली होती, आपल्या वस्तीचे फोटो घेऊन. आणि शाळेतला तो वर्ग पुढच्या मुलामुलींसाठी चालूच आहे.